तिकीट खिडकी, स्मार्ट कार्ड आणि रोजंदार प्रवासी

अंबरनाथ पूर्वेकडून सकाळी स्थानकात शिरणारा माणूस कोण आहे, हे त्याच्या हातातील वस्तूवरून ओळखता येते. ज्याच्या खिशात पास आहे तो सरळ फलाटाकडे वळतो. ज्याच्यापाशी मोबाइल आहे तो चालता चालता तिकीट काढतो. ज्याच्यापाशी स्मार्ट कार्ड आहे तो यंत्रासमोर उभा राहतो. आणि ज्याच्या मुठीत केवळ दहा-वीस रुपयांची नोट आहे तो खिडकीच्या रांगेत उभा राहून सुटणाऱ्या गाडीकडे पाहत राहतो. या चौघांना जायचे असते एकाच दिशेला आणि बहुधा एकाच डब्यातून. परंतु तिकिटाच्या यंत्रणेने त्यांचे चार वर्ग पाडले आहेत. तिकीट विक्रीच्या आधुनिकीकरणाचा विचार या वर्गवारीपासूनच सुरू व्हावयास हवा.

या आधुनिकीकरणाचा इतिहास मोठा नाही. नव्वदच्या दशकात मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर कूपन छापणारी यंत्रे आली. प्रवाशाने कूपनांची पुस्तिका विकत घ्यावयाची आणि प्रवासाच्या वेळी आवश्यक तेवढी कूपने यंत्रात घालून त्यांवर शिक्का उमटवावयाचा, अशी ती सोय होती. २००७ साली स्मार्ट कार्डावर चालणारी स्वयंचलित तिकीट यंत्रे, म्हणजे एटीव्हीएम, बसू लागली. २०१५ च्या सुमारास कूपने निकालात निघाली. डिसेंबर २०१४ मध्ये मोबाइलवरील तिकीट आले, जुलै २०२५ मध्ये ‘रेलवन’ आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकल, मेट्रो व बस यांच्या तिकिटांसाठी ‘मुंबई वन’ आले. प्रत्येक वेळी ‘रांगेतून मुक्ती’ हेच आश्वासन दिले गेले. मुक्ती मिळाली हे खरे. परंतु ती ज्याला आगाऊ पैसे भरता येतात त्याला प्रथम मिळाली.

यंत्राला विरोध करणे हे समाजवादी चळवळीचे काम नव्हे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. नोकऱ्यांविषयीची त्यांची भीती खोटी नव्हती, पण संगणक शेवटी आलाच. उलट, ऐंशीच्या दशकात लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण संगणकावर गेले, त्याचा लाभ सामान्य प्रवाशाला निःसंशय झाला. या दोन्ही अनुभवांचा अर्थ एकच आहे. यंत्र हवे की नको, यापेक्षा ते कोणाच्या अटीवर येते आणि त्याने वाचविलेला वेळ व पैसा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९६३ साली लोकसभेत गरिबाच्या तीन आण्यांच्या दैनिक उत्पन्नाचा प्रश्न उभा केला, तेव्हा धोरण कोणत्या मापाने मोजावयाचे याचा धडाच घालून दिला होता. तिकिटाच्या यंत्रालाही तेच माप लावले पाहिजे.

ते माप लावले असता पहिली विसंगती दिसते ती भाड्यातच. उपनगरी प्रवासाच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाचे मूल्य ढोबळमानाने पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्याइतके असते. अधिभार धरून ते थोडे अधिक होते. महिन्यातून सव्वीस दिवस जाणारा-येणारा नोकरदार बावन्न फेऱ्या करतो आणि पैसे देतो सुमारे पंधरा फेऱ्यांचे. ही सवलत योग्यच आहे. जून २०१४ मध्ये पासाचा दर तीस फेऱ्यांच्या हिशेबाने आकारण्याची घोषणा झाली, तेव्हा मुंबईकर प्रवाशांच्या संतापापुढे ती चार-पाच दिवसांत मागे घ्यावी लागली. तो प्रवाशांचा न्याय्य विजय होता.

परंतु त्या विजयात रोजंदार कामगाराचा वाटा नव्हता. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, आनंदनगर औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे दिवसाच्या बोलीवर जाणारा कामगार, कल्याण-डोंबिवलीकडे घरकामाला जाणारी बाई, यांच्यापाशी महिन्याच्या प्रारंभी पासाची रक्कम एकगठ्ठा नसते आणि महिनाभर काम मिळेल याची शाश्वतीही नसते. ते रोज तिकीट काढतात. आठव्या दिवशी, म्हणजे सोळाव्या फेरीला, त्यांनी भरलेली रक्कम पासाच्या मूल्याच्या घरात पोहोचलेली असते. काम पूर्ण महिना मिळाले तर ते पासधारकाच्या जवळजवळ साडेतीनपट भाडे भरतात. तात्पर्य, ज्याची मिळकत सर्वांत अनिश्चित त्याचा प्रवास सर्वांत महाग. रांगेला कंटाळून तिकिटाविना गाडीत चढला आणि सापडला, तर भाड्याखेरीज किमान अडीचशे रुपये दंड ठरलेला आहे.

स्मार्ट कार्डाने ही विषमता कमी केली नाही. उलट तीत नवी भर घातली. कार्डात रक्कम भरणाऱ्यास काही टक्के बोनस देण्याची पद्धत रेल्वेने ठेवली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर प्रवाशाने रेल्वेला दिलेल्या बिनव्याजी कर्जावरचा हा मोबदला आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याच्यापाशी कर्ज देण्याइतकी रक्कम आहे त्यालाच स्वस्त तिकीट, आणि रोजची मिळकत रोज खर्चणाऱ्याला पूर्ण दर, असा त्याचा परिणाम होतो. दारिद्र्यावर आकारलेला हा दंडच म्हणावा लागेल.

वस्तुतः हाच अन्याय दूर करण्याचे साधन स्मार्ट कार्डातच दडलेले आहे. लंडनमध्ये २००३ साली ‘ऑयस्टर’ कार्ड आले आणि २००५ पासून त्यावर दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा घालण्यात आली. ठरावीक रकमेपर्यंत प्रत्येक फेरीचे भाडे वजा होते. ती मर्यादा गाठली की त्या दिवशीचा पुढील प्रवास वेगळे पैसे न देता होतो. हेच तत्त्व अंबरनाथला महिन्याच्या हिशेबाने लावता येईल. एखाद्या प्रवाशाने कार्डावर अंबरनाथ ते ठाणे अशी तिकिटे काढीत महिन्याभरात पासाच्या मूल्याइतके भाडे भरले, की उरलेल्या महिन्यात त्या टापूत त्याला पासधारक समजावे. त्यासाठी स्थानकांवर मेट्रोसारखी दारे उभारण्याचीही गरज नाही. तिकीट यंत्रातूनच निघत असल्याने कोणत्या कार्डावर किती तिकिटे निघाली याची नोंद यंत्रणेपाशी असतेच. मोजणी तेवढी करावयाची आहे.

यावर रेल्वेच्या उत्पन्नात तूट येईल असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही. उपनगरी वाहतूक तोट्यात चालते असे रेल्वे सांगत आली आहे. परंतु पंधरा फेऱ्यांच्या मूल्यात महिनाभर प्रवास हे तत्त्व रेल्वेने पासधारकांसाठी स्वीकारलेलेच आहे. ते केवळ रोख रकमेअभावी ज्याला नाकारले जाते त्याच्याकडून साडेतीनपट वसूल करून तूट भरून काढणे, हे कोणत्या न्यायात बसते? तोटा वाटून घ्यावयाचा असेल तर तो या शहरांतील स्वस्त श्रमावर ज्यांचे उद्योग उभे आहेत त्यांनी आणि सार्वजनिक तिजोरीने उचलावा.

दुसरा प्रश्न श्रमाचा आहे. माणसाची गरज उरू नये म्हणून आणलेल्या यंत्राशेजारी पुन्हा माणूसच उभा करावा लागला. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना कमिशनवर नेमून त्यांच्याकरवी यंत्रातून तिकिटे काढून दिली जाऊ लागली. स्थानकाबाहेर ‘जनसाधारण तिकीट बुकिंग सेवक’ आले. त्यांचा मोबदला प्रवाशाकडूनच तिकिटामागे रुपया-दोन रुपये जादा घेऊन भागविण्यात आला. म्हणजे काम संपले नाही. संपली ती कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि संघटनेचे बळ. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवस संप लढविणाऱ्या रेल्वे कामगारांच्या वारसांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

तिसरा प्रश्न यंत्र ज्याला वापरता येत नाही त्याचा. अंबरनाथच्या पुढे बदलापूर आणि त्यापुढे वांगणी. वांगणी परिसरात अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात आणि त्यांतील कित्येकजण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. काचेच्या गुळगुळीत पडद्यावर बोट ठेवून स्थानकाचे नाव निवडावयाचे, हे त्यांनी कसे करावे? अक्षरओळख नसलेल्या वृद्धेने ते कसे करावे? त्यांच्यासाठी खिडकी आणि खिडकीआडचा माणूस हीच आधुनिक सोय आहे. यंत्रे वाढली म्हणून खिडक्या मिटविणे म्हणजे दुर्बळांची सोय काढून सबळांना देणे होय. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाड्या चालविल्या गेल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी उठाव केला आणि मध्य रेल्वेला दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तो रोष गारव्याविरुद्ध नव्हता. आपल्या वाट्याची गाडी हिरावली जाण्याविरुद्ध होता.

चौथा प्रश्न नोंदींचा. कागदी तिकिटाला स्मृती नसते, कार्डाला असते. कोण कोठे केव्हा गेला याची वही त्यातून आपोआप लिहिली जाते. हाँगकाँगच्या ‘ऑक्टोपस’ कार्डाच्या कंपनीने सुमारे वीस लाख ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना विकल्याचे २०१० साली उघड झाले. भारतातही ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेच्या आयआरसीटीसी या कंपनीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न मिळविण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली होती. टीका झाल्यावर ती मागे घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला आहे. कामगार सभेला कोणत्या गाडीने गेला हे कारखानदाराला किंवा सरकारला कळण्याचे कारण नाही. म्हणून नाव-पत्ता न विचारता मिळणारे कार्ड हा प्रवाशाचा हक्क मानला पाहिजे.

१९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना प्रा. मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या कठीण बाकांवर फोमची गादी आणली आणि गीतांजली एक्स्प्रेसच्या रूपाने वर्गविहीन गाडी सुरू केली. सुधारणा खालच्या वर्गापासून सुरू करावयाची, हे त्यामागील सूत्र होते. तिकिटाच्या सुधारणेलाही तेच सूत्र लागू पडते. त्यातून मागण्या स्पष्ट होतात: मासिक भाड्याची कमाल मर्यादा, अनामत रक्कम व नाव-पत्ता यांवाचून कार्ड, दृष्टिहीनांना वापरता येईल असे यंत्र, आणि गर्दीच्या वेळी सर्व खिडक्या उघड्या, त्यांत कायम नोकरीचा माणूस.

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन प्रथम पासधारकांकडे नव्हे, तर खिडकीच्या रांगेतील प्रवाशांकडे जावे. पासधारकांच्या संघटना आहेत, त्यांची निवेदने अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचतात. रांगेतील माणसाची संघटना नाही, कारण गाडी गाठण्याच्या घाईत त्याला शेजाऱ्याचे नाव विचारण्यासही सवड नसते. ती संघटना बांधणे हेच खरे काम आहे.