फिरते चाक आणि घाईचा निवाडा



घरात नवी सून आली आणि आठवड्याच्या आत गोठ्यातील म्हैस दगावली, तर काही घरांतून लगेच कुजबुज सुरू होते, "हिचा पायगुणच वाईट." रविवारी मिस्साला गुडघे टेकणाऱ्या घरांतूनही हे शब्द आमच्या कानी आले आहेत, हे आम्ही खेदाने लिहितो. एका गोष्टीमागून दुसरी घडली, एवढ्यावरून पहिलीस दोषी धरावे काय? हाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढे अंतराळात उभा राहिला होता. त्यांनी तो कसा सोडविला, ते आज पाहू.

१९८३ साली 'स्पेसलॅब-१' ह्या प्रयोगशाळेतून माणसाच्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी अंतराळात नेण्यात आल्या. रोगाशी लढणाऱ्या ह्या पेशींना एक विशिष्ट द्रव्य दिले की त्या जाग्या होतात व वाढू लागतात. झुरिकचे संशोधक आउगुस्तो कोगोली ह्यांना आढळले, की अंतराळात त्या जवळजवळ निपचित राहिल्या. पृथ्वीवरील पेशींच्या मानाने त्यांचा प्रतिसाद ३ टक्क्यांहूनही कमी भरला. वजन नाहीसे झाले हेच कारण, असे कोणीही म्हणाला असता. परंतु त्या पेशींनी उड्डाणाचे हादरेही सोसले होते, आणि विश्वकिरणांचा मारा त्यांच्यावर होतच होता. मग दोष नेमका कोणाचा?

१९८५ साली जर्मनीच्या 'डी-१' मोहिमेत ह्याचा निवाडा झाला. यानातच एक फिरते यंत्र बसविले होते. त्यास सेंट्रिफ्यूज म्हणतात. पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरविली, तर ती डोक्यावर उलटी होऊनही पाणी सांडत नाही, हे आपल्या मुलांस ठाऊक आहे. पाणी सरळ निघून जाऊ पाहते, बादलीचा तळ त्यास वळवीत राहतो, म्हणून ते तळाशी दाबले जाते. ह्या यंत्रात ठेवलेल्या पेशीही तशाच बाहेरच्या बाजूस दाबल्या जातात, आणि वेग योग्य राखला की त्यांना जणू पृथ्वीवरचेच वजन परत मिळते. आता यान तेच, हादरे तेच, किरणेही तेच. भेद एवढाच, की काही पेशी फिरत होत्या व काही स्थिर होत्या. फिरणाऱ्या जाग्या झाल्या, स्थिर निपचितच राहिल्या. तेव्हा कोठे वजनाच्या अभावावर बोट ठेवता आले.

ही युक्ती तशी जुनीच. १८०६ साली टॉमस नाइट ह्या इंग्रज गृहस्थाने ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकास घेवड्याच्या जातीचे बी बांधून रुजविले, तेव्हा मुळे बाहेरच्या बाजूस आणि कोंब मध्याकडे वळले. पुढे २०१६ साली जपानने 'किबो' प्रयोगशाळेत बारा उंदीर ३५ दिवस ठेवले, सहा तरंगते व सहा फिरत्या पिंजऱ्यांत. तरंगणाऱ्यांची हाडे व स्नायू झिजले. फिरणाऱ्यांचे टिकून राहिले.

पवित्र शास्त्रातील गिदोन आठवावा. खळ्यावर ठेवलेली लोकर दवाने भिजली व भोवतालची जमीन कोरडी राहिली, तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या रात्री त्याने उलट मागणे केले, लोकर कोरडी राहावी व जमीन भिजावी. एका खुणेवर त्याने निर्णय केला नाही.

पायगुण मानणे पहिल्या आज्ञेविरुद्ध आहेच. पण तो साध्या न्यायाविरुद्धही आहे. त्या आठवड्यात शेजारच्या गोठ्यात जनावरे आजारी होती काय? चारा बदलला होता काय? गुरांच्या डॉक्टरास वेळेवर बोलाविले होते काय? आणि ज्या घरी नवी सून आली नाही, तेथे म्हशी मरत नाहीत काय? हे प्रश्न त्या बिचारीस विचारता येत नाहीत, कारण ती घरात नवी आहे. ते सासूबाईंनी विचारावेत, सासऱ्यांनी विचारावेत, आणि सर्वांआधी तिच्या नवऱ्याने विचारावेत.

रक्ताच्या थेंबातील पेशींविषयी निवाडा देण्यापूर्वी शास्त्रज्ञ दोन वर्षे थांबले. दुसऱ्याच्या लेकीविषयी बोलण्यापूर्वी आपण निदान एक रात्र थांबावे.