पिवळ्या हळदीतील शिसे

नागपूर–हैदराबाद महामार्गाला जाम येथे चंद्रपूरचा फाटा फुटतो. या चौरस्त्यावर किराणा घेणारा गृहस्थ हळदीचा रंग पाहतो. ती कोठून आली, हे सहसा विचारीत नाही. वस्तुतः याच समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद पिकते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. तिच्यात कुरकुमीन सहा टक्क्यांच्या आसपास असते आणि तिचा रंग उपजतच गडद. तिला वरून रंग चढविण्याचे प्रयोजनच नाही.

परंतु बाजारात हळदीचा भाव बव्हंशी डोळ्यांनी ठरतो. फिकी हळकुंडे खपविण्यासाठी पॉलिश करताना त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसेयुक्त पिवळा रंग, फासण्याचा प्रकार आपल्या उपखंडात ठिकठिकाणी उघडकीस आला आहे. कायद्याने हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंतच शिसे चालते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाटण्याच्या काही हळकुंडांत ते याच्या शंभर पटींहून अधिक निघाले.

या विषाने ताप येत नाही, पुरळ उठत नाही. लहान मूल प्रौढाच्या चार-पाच पट शिसे शोषते. ते हाडांत साचते आणि गर्भारपणी आईकडून बाळाकडेही जाते. बुद्धी मंदावते, चित्त ठरत नाही, आणि आपण शिक्षक त्या मुलाला मठ्ठ ठरवून मोकळे होतो! शिशाचे निर्धोक असे प्रमाणच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने भारतातील अशा बाधित मुलांची संख्या साडेसत्तावीस कोटींच्या घरात मांडली होती. शिशाच्या वाटा अर्थातच अनेक आहेत: जुने रंग, बॅटऱ्यांची भंगार-भट्टी, भेसळीच्या कथलाची कल्हई. हळद मात्र रोजच्या फोडणीत असते, आणि खोकला झाला की दुधातही.

‘पूड नको, अखंड हळकुंडे घ्या’ हा नेहमीचा सल्ला अर्धाच खरा. रंग फासला जातो तो हळकुंडाच्या सालीवरच. घ्यावयाची तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची, मळकट हळकुंडे घ्यावीत व डोळ्यांदेखत दळावीत. पण साऱ्या कुटुंबांना हे कसे साधणार? गृहिणीने पाण्यात चिमूट टाकून शिसे मोजावे, ही अपेक्षा तर हास्यास्पदच होय.

बांगलादेशाने हा भार गृहिणीवर टाकला नाही. २०१९ साली तेथील शासनाने ढाक्याच्या घाऊक बाजारात हातात धरावयाच्या क्ष-किरण यंत्राने हळद तपासली, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला आणि त्याची वृत्तपत्रांतून वाच्यता केली. त्या वर्षी ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले.

आपल्याकडे कायदा आहे, अन्न व औषध प्रशासन आहे. जानेवारी २०२५ मध्ये निझामाबादेस राष्ट्रीय हळद मंडळही स्थापन झाले. तसे यंत्र सांगली-हिंगोलीच्या सौद्यांत आणि पॉलिश करणाऱ्या कारखान्यांच्या दारात का असू नये? तपासणीचे निकाल गावोगावच्या फलकांवर लागावेत, व्यापाऱ्यांच्या नावांसह. आणि वायगावच्या शेतकऱ्याला न चमकणाऱ्या हळकुंडाचाही पुरता भाव मिळावा.