माजाआधी तीन आठवडे



दिवाळीच्या सुमारास म्हशी माजावर येऊ लागतात हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. मृग केव्हा निघतो तेही कोणाला सांगावे लागत नाही. मग लसीची वेळ तेवढी "डॉक्टर गावात येतील तेव्हा" अशी का असावी? या दोन तारखांपासून मागे मोजत आले की लसीची तारीख आपोआप सापडते. आज गोठ्याचा हा हिशेब मांडू.

पहिली गोष्ट अशी की, लस टोचली त्याच दिवशी जनावराला संरक्षण मिळत नाही. पेरल्यावर उगवायला दिवस लागतात, तशी अंगात रोगाविरुद्ध ताकद यायला दोन ते तीन आठवडे लागतात. शेजारच्या दावणीला साथ आल्यावर घाईने टोचून घेतलेले जनावर चार दिवसांनी आजारी पडले, तर दोष लसीला दिला जातो. खरे म्हणजे रोग आधीच अंगात शिरलेला असतो. उशीर लसीचा नसतो, आपला असतो.

पावसाआधी

घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळ्याचे रोग. घटसर्पात घसा सुजतो, घरघर लागते आणि एका-दोन दिवसांत जनावर हातचे जाते. म्हशींना त्याचा धोका अधिक. फऱ्या बहुधा सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या धष्टपुष्ट जनावरांना गाठतो. फरा सुजतो आणि दाबला तर चरचर आवाज येतो. मृग ७-८ जूनला निघतो. तेथून तीन आठवडे मागे या, म्हणजे १५ मेच्या सुमारास ही लस टोचलेली हवी. जंताचे औषध त्याआधी दहा-पंधरा दिवस द्यावे. जंतांनी पोखरलेल्या जनावराला लस पुरती लागू पडत नाही.

माजाआधी

लाळ-खुरकुताने मोठे जनावर सहसा मरत नाही, म्हणून आपण तो हलका समजतो. पण जोराच्या तापाने गाभण जनावर गाभडते, दूध आटते, आणि काही जनावरे बरी झाल्यावरही धापा टाकत राहतात, भरवली तरी उलटतात. एक वेत चुकले की वर्षाचे दूध गेले आणि भाकड जनावराचा चारा अंगावर पडला.

म्हणून म्हशीसाठी हिशेब असा ठेवावा. पितृपंधरवड्यात जंताचे औषध, दसऱ्याच्या आत लाळ-खुरकुताची लस, आणि दिवाळीपासून भरवणे. दसरा ते दिवाळी वीस दिवस असतात, तेवढी मुदत पुरते. गायी बारा महिने माजावर येतात, त्यांचा हिशेब वेतावरून करावा. व्याल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी गाय भरवायची, तर लस पहिल्या महिना-दीड महिन्यात उरकावी.

केंद्र सरकारने २०१९ साली लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध देशभर मोहीम सुरू केली. तिच्यात लाळ-खुरकुताची लस सहा-सहा महिन्यांनी टोचतात. फेरी आपल्या सोयीच्या दिवशी येईलच असे नाही. ती ऐन माजाच्या दिवसांत आली, तरी लस चुकवू नका. त्या जनावराचा एक माज सोडून द्या आणि पुढच्या माजाला भरवा. यात २१ दिवस जातात, पण रोग आला तर वर्ष जाते. गाभण जनावरालाही ही लस चालते. मात्र वेण्याला टेकलेले जनावर असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, त्याची ओढाताण नको.

कालवडीची एकच संधी

सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच टोचतात, आणि तीही कालवडीला किंवा पारडीला चार ते आठ महिने वयात. ही जिवंत जंतूंची लस आहे. ती गाभण जनावराला देत नाहीत, गोऱ्ह्याला व रेडकाला देत नाहीत. म्हणजे कालवड भरवायच्या वयाला येण्याच्या कितीतरी आधी ही संधी निघून गेलेली असते. दसऱ्याला जन्मलेली कालवड माघात चार महिन्यांची होते आणि मृगाला आठ महिन्यांची. मधल्या दिवसांत तिला डॉक्टरांपुढे उभी केलीच पाहिजे.

हा रोग गोठ्यात शिरला की जनावर पाचव्या महिन्यानंतर केव्हाही गाभडते, वार अडकते. गावातल्या रोगी वळूपासूनही तो पसरतो. म्हणून वळूची रक्ततपासणी झाली आहे का हे विचारून मगच जनावर लावावे, नाही तर कृत्रिम रेतन करून घ्यावे.

आता भगिनींना खास सांगणे. हा रोग माणसालाही होतो. ताप चढतो-उतरतो, सांधे ठणकतात, आणि महिनोन् महिने अंगात बळ राहत नाही. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने ओढू नका. गोठा बहुधा आपणच झाडता, तेव्हा हातांना रबरी मोजे हवेतच. पडलेले वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, कुत्र्यांना मिळू देऊ नये. दूध उकळूनच प्यावे, धारोष्ण दुधाचा आग्रह मुलांना करू नये. घरात असा ताप रेंगाळला तर दवाखान्यात "आमची म्हैस गाभडली होती" हे आवर्जून सांगा. त्यावरून डॉक्टरांना दिशा मिळते.

टोचताना

लस बर्फाच्या पेटीतून आली आहे ना, हे पाहणे आपला हक्क आहे. ती दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते. लस सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, निरोगी जनावरालाच टोचावी. नंतर एक-दोन दिवस कणकण येते, दूध थोडे कमी होते, टोचल्या जागी गाठ येते. त्यात घाबरण्यासारखे नाही.

ज्या बुळकांडीने पूर्वी गावेच्या गावे गोठे रिकामे केले, त्या रोगातून आपला देश २००६ साली आणि सारे जग २०११ साली मुक्त झाले. लसीने हे होऊ शकते.

आज एवढेच करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक कालवडीची आणि पारडीची जन्मतारीख लिहा, आणि तिच्यापुढे चौथा व आठवा महिना खूण करून ठेवा. १५ मे आणि दसरा यांभोवतीही एकेक गोल काढा. डॉक्टर गावात आले की मग त्यांना आपणच तारीख सांगाल.