जलदेवता आणि पाणी भरणारी स्त्री

आपल्या घरातील कन्या आज जलपरीच्या कथा आवडीने वाचतात व पडद्यावर पाहतात. अर्धे अंग स्त्रीचे, अर्धे मत्स्याचे. सागरतळी तिचे राज्य, राजपुत्रावर तिचे प्रेम आणि तिच्या साहाय्यास पुराणांतील देवता. अशा कथांनी स्त्रीचे सामर्थ्य वाढते, असेही सांगितले जाते. त्याच घरातील आजी मात्र नातीला बजावते की, भर दुपारी डोहाकडे जाऊ नकोस, तेथे आसरा आहेत. पाण्यातील स्त्रीचे एकीकडे आकर्षण आणि दुसरीकडे भय! नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने या दोहोंकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

आसरा हे अप्सरा या शब्दाचेच लोकांच्या तोंडी झालेले रूप होय, आणि अप्सरा म्हणजे पाण्यात संचार करणारी. पुण्याच्या आसपास व साऱ्या महाराष्ट्रात नदीकाठी, विहिरीच्या कडेस, शेंदूर फासलेले सात लहान दगड मांडलेले आढळतात. त्याच साती आसरा. त्यांची जी नावे सांगतात त्यांत मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी ही आहेत. म्हणजे मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी आणि मगरी. तेव्हा जलपरी ही केवळ परदेशची कल्पना आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पुण्यात दीर्घकाळ राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या परिसरातील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. पुत्राचा ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा इंग्रजी ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उर्वशी या अप्सरेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील संवादसूक्तात पुरूरवा तिची विनवणी करतो आणि ती त्याला स्पष्ट नकार देते. शतपथ ब्राह्मणात ती विवाहापूर्वीच अटी घालते, व अट मोडताच निघून जाते. पुढे राजाला ती सरोवरात पाणपक्ष्याच्या रूपाने पोहताना दिसते. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात मात्र हीच उर्वशी प्रेमविव्हल नायिका होते, शापाने तिची वेल बनते, आणि अखेर इंद्राच्या अनुज्ञेने ती राजाच्या आयुष्यभर त्याच्याजवळ राहते.

आपण नीट पाहावे. जी स्वतः अट घालीत होती, तिला पुढे दुसऱ्याची अनुज्ञा लागली. डेन्मार्कच्या अँडरसनने १८३७ साली लिहिलेल्या प्रसिद्ध कथेत तर जलपरी राजपुत्रासाठी मनुष्याचे पाय मिळवते, परंतु त्याचे मोल म्हणून आपली जीभ कापून देते. देवी म्हणून, परी म्हणून स्त्रीला कितीही उंच बसविले, तरी तिची वाणी व तिची अट काढून घेतली की शिल्लक काय राहते? केवळ शोभा!

आणि या देवींच्या भूमीत प्रत्यक्ष स्त्रीची स्थिती काय होती? पाण्याच्या काठी सात दगडांना हिरवा खण, बांगड्या व नारळ मिळत होता. आणि त्याच गावात आपल्या आज्या-पणज्या रिकामी घागर घेऊन, कोणी वरून पाणी घालील काय, म्हणून तिष्ठत उभ्या राहत होत्या. पाण्यात देवी राहते असे मानणाऱ्या समाजाला, त्या पाण्याला तहानलेल्या स्त्रीचा हात लागलेला चालत नव्हता. हे कोडे कोणत्या देवतेने सोडविले? एकाही नाही. पुण्यात ते सोडविण्यास माणसेच पुढे आली. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यापूर्वी १८५५ साली त्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग कन्येने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, व तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला. घरावर छप्पर नसता बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे हाल तिने त्यात मांडले. जलपरीने जीभ दिली. मुक्ताने जीभ उघडली. यांतील कोणते सामर्थ्य खरे?

आपल्या परंपरेतही पाण्यातील एक स्त्री आहे. तिचे नाव पुण्णिका. ती श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरची दासी. मालकिणीच्या शिक्षेच्या भयाने ती कडाक्याच्या थंडीत पाण्यात उतरून पाणी भरीत असे. पाप धुण्यासाठी कुडकुडत स्नान करणाऱ्या एका ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने मुक्ती मिळत असेल तर बेडूक, कासवे आणि मगरी यांनीही स्वर्गास जावे; आणि नदी पाप वाहून नेत असेल तर ती पुण्यही वाहून नेणार नाही काय? दर्दुरी, कूर्मी व मकरी यांना देवी करणाऱ्यांना यापरते उत्तर कोणते? त्या ब्राह्मणाने कृतज्ञतेने आपले वस्त्र तिला देऊ केले, तेही तिने घेतले नाही. ही कथा तिच्याच वाणीने थेरीगाथेत आली आहे.

यास्तव आमचे सांगणे एवढेच आहे. मुलींच्या हातून कथेचे पुस्तक हिसकावून घेऊ नका. परंतु तिच्याजवळ बसून विचारा: या कथेतील स्त्री बोलते काय? तिची अट कोणी पाळतो काय? तिला निघून जाता येते काय? आसरांची गोष्टही गोष्ट म्हणून सांगा. मात्र बाळंतीण खंगली अथवा सून अबोल झाली, तर “आसरा लागल्या” म्हणून नदीकाठी ओटी भरण्यात दिवस घालवू नका, तिला तत्काळ दवाखान्यात न्या. डोह खोल असेल तर तो खोल आहे म्हणून सांगा, आणि मुलीला पोहण्यास शिकवा.

उर्वशीचा अधिकार एका कवीने दिला आणि दुसऱ्याने काढून घेतला. कायद्याने दिलेला अधिकार असा कोणाच्या लहरीवर राहत नाही. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५५ चा विवाह कायदा व १९५६ चा वारसा कायदा झाला. हे दोन्ही कायदे बौद्धांनाही लागू आहेत. त्यांत स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत कन्येचा वाटा पुत्राइतकाच झाला आहे. तो वाटा देताना, “भावासाठी सोड” असे म्हणून तिच्याकडून सही घेणारा पिता बौद्ध असेल, तर त्याने घरातील देव्हारा उठवून काय साधले?

भगिनींनो, सात दगडांपुढे ठेवण्याचा खण आपल्या अंगावर घाला, नारळ मुलांना वाटा, आणि सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही ते आजच पाहून घ्या.