जमिनीचा घास

तेल गाळल्यावर उरलेल्या पेंडीला दावेदार दोन : गोठा आणि शेत. शेंगदाण्याची पेंड गुरांच्या मुखीच शोभते. ती मातीत घालणे आम्हांस उधळपट्टी वाटते. एरंडीची पेंड मात्र विषारी. तिच्यातील रिसिनमुळे जनावर दगावते. तीच पेंड जमिनीत कुजली की विष नाहीसे होते आणि तिच्यातील शेकडा ४ ते ५ भाग नत्र पिकास सावकाश मिळू लागते. सेंद्रिय द्रव्य सरलेल्या, घट्ट झालेल्या मातीला पुन्हा पोत येऊ लागतो. एका हंगामात मात्र नव्हे. पेंड बारीक कुटून, जमिनीत ओल असताना, पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मिसळावी. ताजी पेंड बियाण्यालगत पडल्यास कोवळा कोंब करपतो. पोते उघडे ठेवू नये. राखणीचे कुत्रेही वासाने तिकडे धावते.