पाठ टेकल्यावर

दसऱ्याला सरगूरहून म्हैसुरास गेलेल्यांनी राजवाड्याच्या आवारातील वज्रमुष्टी पाहिली असेल. मुठीत शस्त्र धरलेले जेट्टी भिडतात. कोणा एकाच्या डोक्यातून रक्त दिसले की लढत संपते. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागताच निकाल होतो. ब्राझीलच्या जिउ-जित्सूत मात्र खरी झुंज तेथूनच सुरू होते.

मित्सुयो माएदा हे जपानी जूदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोहोचले. त्यांची विद्या पुढे ग्रेसी घराण्यात आली व त्या बंधूंनी जमिनीवरील डावांवर भर दिला. येथे उताणा पडलेला गडी प्रतिस्पर्ध्याला पायांनी जखडतो आणि खालूनच त्याचा हात मुरगळतो, किंवा गळा आवळतो. सुटकेची वाट उरली नाही, की हाताने थोपटावयाचे. समोरच्याने तत्क्षणी सोडावयाचे.

आखाड्यात वाढलेल्या मुलाला हे थोपटणेच जड जाते. पाठ लागू न देण्याची त्याची जिद्द येथे कोपरावर बेतते. म्हणून घरातील कोणी ही विद्या शिकू म्हणेल, तर गुरुजी पहिल्या दिवशी डाव शिकवितात की थोपटणे, हे पालकांनी अवश्य पाहावे. गळ्याची पकड पक्की बसली, तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते.