झुरळाला अभय, मग रेशमाच्या पतंगाला का नाही?



घरात झुरळ दिसलं तर आपण सुपलीत घेऊन बाहेर सोडतो. औषध मारायला हात धजत नाही, आणि ते योग्यच आहे. पण दशलक्षणाच्या पूजेला त्याच घरातून रेशमी साडी निघते. म्हणून या दोन जीवांची तुलना करावीशी वाटली.

ओट्याखालचं लहान तपकिरी झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. नाव जर्मन असलं तरी २०२४ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात माणसाच्या वस्तीला आलं. रेशमाचा पतंग चीनमध्ये माणसानेच हजारो वर्षं पाळून घडवला. त्याला पंख आहेत, पण उडता येत नाही. दोघेही माणसाच्या आधाराने जगणारे, दोघेही विकलत्रय जीव.

फरक एवढाच, की झुरळ न बोलावता येतं आणि अन्न खराब करतं. पतंग कुणालाच त्रास देत नाही, तरी मारला जातो तोच. तो कोष फोडून बाहेर आला तर अखंड धागा तुटतो, म्हणून आतल्या जीवाला आधीच वाफेने किंवा उष्णतेने मारतात.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब मांडते. एका कोषातून साधारण पाव ते तृतीयांश ग्रॅम रेशीम निघतं. जर वगळून साडीत ५०० ग्रॅम रेशीम धरलं, तर दीड ते दोन हजार जीव झाले.

"आपण कुठे मारलं?" असं म्हणतात. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तिन्ही दोष सांगितले आहेत. विकत घेणं यात कुठे बसतं ते ज्याने त्याने ठरवावं, पण बाहेर नक्कीच राहत नाही.

आजीची पैठणी टाकून देऊ नका, त्याने गेलेला जीव परत येत नाही. नवी मात्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पूजेला सुती साडी पुरे. पतंग बाहेर पडल्यावर सूत काढलेलं अहिंसा रेशीमही मिळतं, चमक थोडी कमी असते इतकंच.

झुरळासाठीही नुसतं सोडून देणं पुरेसं नाही. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपून ओटा, सिंक कोरडं ठेवलं तर ती फारशी येतच नाहीत.

येत्या लग्नसराईत सुनेला शालू घ्यायला जाल, तेव्हा हा आकडा आधी तिला सांगा. मग निवड तिची.